डोंगर नसलेल्या देशातून आलेला नद्यांचा माणूस: योहानिस डे रायके

प्रश्न असा आला आहे: "योहानिस डे रायके नावाचा डच अभियंता तीस वर्षं जपानमध्ये नद्यांवर काम करत होता आणि त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, असं वाचलं. त्याने नेमकं केलं काय? जपानमध्ये आजही त्याचं नाव का काढतात? मी स्थापत्य अभियंता आहे. पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी परदेशात नदीच्या कामावर जाणार आहे. त्याच्याकडून मी काय घेऊ?"

मी चौतीस वर्षं मृद व जलसंधारणाची कामं केली. त्यातली बहुतेक अवर्षणप्रवण तालुक्यांत, ओढ्या-नाल्यांवर आणि उघड्याबोडक्या टेकड्यांवर झाली. डे रायके यांचं नाव मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं. आधी कळलं असतं तर माझी निदान दोन-तीन कामं वेगळी झाली असती, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डे रायके यांचा जन्म ५ डिसेंबर १८४२ चा, गाव कोलाइन्सप्लाट. नेदरलँड्सच्या नैऋत्येला झीलँड नावाचा बेटांचा प्रांत आहे, तिथल्या नोर्द-बेव्हलँड बेटावरचं हे गाव. वडील शेती करायचे आणि समुद्राच्या बांधाची कामंही करायचे. या भागात बांध म्हणजे गावाचा श्वास. तो फुटला की शेत, घर, गोठा सगळं खाऱ्या पाण्याखाली. त्यामुळे बांधाची माती कशी दाबायची, लाट कुठे मारते, फांद्यांची गादी पाण्यात कशी बुडवायची, हे पोराने पुस्तक हातात धरण्याआधी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे जेकोबस लेब्रेत नावाच्या जलअभियंत्याने त्यांना गणित आणि यांत्रिकी शिकवली. डेल्फ्टच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन पदवी घेणं घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅमजवळ ओरान्ये जलपाशांचं, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी पुढे सोडणाऱ्या दारांचं, मोठं काम निघालं, तिथे ते देखरेखीवर होते. हे जलपाश १८७२ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे साइटवर जो माणूस सकाळी सातला हजर असतो, मजुरांची हजेरी घेतो, रेतीत माती आहे का ते मुठीत घेऊन बघतो आणि ज्याच्या सहीला मात्र किंमत नसते, तसं त्यांचं स्थान होतं.

तिकडे जपानमध्ये १८६८ साली सत्तापालट होऊन मेइजी राजवट आली होती. ओसाका बंदर परदेशी जहाजांसाठी उघडलं, पण योदो नदी मुखाशी एवढी वाळू टाकत होती की मोठी जहाजं आत येईनात. ती शेजारच्या कोबेला जायला लागली. सरकारला जलअभियंते हवे होते. डचांशी जपानचा दोनशेहून अधिक वर्षांचा संबंध होता. बाकी युरोपला दारं बंद असताना नागासाकीच्या देजिमा बेटावर तेवढे डच व्यापारी राहू शकत होते. म्हणून मागणी नेदरलँड्सकडे गेली. १८७२ मध्ये कॉर्नेलिस व्हान डोर्न आले. पुढच्या वर्षी जॉर्ज आर्नोल्ड एशर आणि योहानिस डे रायके आले. एशर डेल्फ्टचे पदवीधर. (जिने चढतात की उतरतात ते कळू नये अशी चित्रं काढणारा मॉरिट्स एशर हा त्यांचाच धाकटा मुलगा, पण ती पुढची गोष्ट.) पदवी नसल्यामुळे डे रायके यांचा हुद्दा खालचा, पगारही कमी. वय तीस, बरोबर बायको आणि लहान मुलं.

आता मुद्द्याची गोष्ट. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. युरोपातल्या त्यांच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात उंच जागा म्हणजे फाल्सरबर्ख, ३२२ मीटर. आपल्या कळसूबाईचा साधारण पाचवा हिस्सा. डच अभियंत्याला नदी भेटते ती तिच्या म्हातारपणी: रुंद, संथ, गाळाने जड झालेली, समुद्राला टेकलेली. जपानची नदी याच्या बरोबर उलट. मधोमध डोंगरांचा कणा, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि तीन हजार मीटरवरून निघालेलं पाणी एका दिवसात किनाऱ्याला. डे रायके यांच्यापाशी जे शिक्षण होतं, ते नदीच्या शेवटच्या पन्नास किलोमीटरचं होतं. त्यांना बोलावलंही होतं तेवढ्यासाठीच. मुखाशी वाळू साचते, ती काढा.

त्यांनी काय केलं, तर वाळू कुठून येते ते बघायला वर चालत गेले.

योदो नदीला तीन मोठे प्रवाह मिळतात: बिवा सरोवरातून येणारा उजी, आणि कात्सुरा व किझु. किझुच्या खोऱ्यात आणि बिवाच्या दक्षिणेला तानाकामीच्या डोंगरांत त्यांना जे दिसलं ते आपल्याकडच्या माणसाला नवं वाटणार नाही. डोंगर ग्रॅनाइटचे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी राजधान्या आणि मंदिरं बांधायला तिथलं मोठं लाकूड गेलं, नंतर गावांनी सरपणासाठी मुळंसुद्धा उकरली. ग्रॅनाइट उघडा पडला की कुजतो आणि त्याची जाडीभरडी वाळू होते. जपानीत तिला 'मासा' म्हणतात. प्रत्येक पावसात ती ओघळांतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. नदीचा तळ वर येतो, म्हणून गावकरी काठाचा बांध वाढवतात. बांध वाढवला की वाळू बांधाच्या आतच साचते आणि तळ आणखी वर येतो. असं दोन-तीनशे वर्षं चाललं की नदी घरांच्या छपरांवरून वाहायला लागते. जपानी माणूस अशा नदीला 'तेन्जोगावा' म्हणतो, म्हणजे छतावरची नदी. ही उपमा समजू नका. कोबे-ओसाका रेल्वे टाकताना इशिया नदीच्या खालून बोगदा काढावा लागला, आणि जपानमधला तो पहिला रेल्वे बोगदा. गाडी खालून, नदी वरून.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला डे रायके का भिडले ते कळेल. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी एका ओढ्यावर सिमेंट नाला बांध बांधला होता. जागा छान, पाया खडकात, सांडव्याचा हिशेब चोख, दगडी पिचिंग एकसारखं. जूनमध्ये काम पुरं झालं. ऑगस्टच्या मध्यावर मी मापाची काठी घेऊन बांधावर उभा राहिलो, पाण्यात सोडला, तर दीड फुटावर टेकला. वर साचलं होतं ते पाणी नव्हतंच, तांबूस मुरूम होता. हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि मूठभर जाड खडे घेऊन वर आला. वरच्या टेकडीवर एकही चर नव्हता, एकही झाड नव्हतं. मंजुरी बांधाला होती, टेकडीला नव्हती. आणि मी मंजुरीबाहेर बघितलं नव्हतं. आपल्याकडे 'माथा ते पायथा' हे शब्द आज प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेले असतात. मी ते त्या कोपरभर मुरमात शिकलो.

डे रायके यांनी ते १८७४-७५ मध्येच ओळखलं होतं, आणि तेही डोंगर नसलेल्या देशातून येऊन. किझुला मिळणाऱ्या फुदो नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात त्यांनी प्रयोगाची कामं घेतली. घळीत दगडांचे बांध, उतारावर पायऱ्या कापून त्यांत गवत आणि रोपं, ओघळांच्या तोंडाशी फांद्यांचे अडथळे. या सगळ्याचा शोध त्यांनी लावला असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. जपानमध्ये माती अडवण्याची जुनी परंपरा होती. १६६६ मध्येच शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने डोंगरावरची मुळं उकरायला बंदी घालणारा आणि रोपं लावायला सांगणारा हुकूम काढला होता. गावोगावच्या लोकांना उताराला टप्पे पाडून रोपं कशी जगवायची ते ठाऊक होतं. डे रायके यांनी ते पाहिलं, त्यातलं काय टिकतं ते नोंदवलं आणि घळीच्या दगडी बांधाला हिशेबात बसवलं. शिवाय खालच्या बंदराचं काम आणि वरच्या डोंगराचं काम ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, असं सरकारला अहवालांमागून अहवाल देऊन सांगत राहिले. त्यांचं श्रेय मी इथे मानतो.

एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी जपानला गेलो तेव्हा ओत्सु शहराजवळचा 'ओरांदा एन्तेई' म्हणजे डच बांध पाहिला. हा १८८९ चा. डे रायके यांच्या मार्गदर्शनाखाली जपानी अभियंता तानाबे गिसाबुरो यांनी तो आखला असं मानतात. उंची साधारण सात मीटर, घडीव ग्रॅनाइटचे लांबट दगड पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. मी गेलो तेव्हा पाणी बोटभर होतं. ते पहिल्या पायरीवर पसरायचं, कडेवर पातळ पडदा व्हायचं, दुसरीवर पुन्हा फुटायचं. पायथ्याशी पोरं पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळून खेळत होती. मी खाली वाकून पायथ्याचे दगड पाहिले, कारण बांध मरतो तो तिथून. पडणारं पाणी पायथा कोरतं आणि एक दिवस भिंत पुढे झुकते. इथे पायऱ्यांनी पाण्याचा जोर वरच्या वर मोडला होता. शंभरावर पावसाळे झाले तरी सांध्यात बोटाचं नखसुद्धा जाईना. पाठीमागे बांध केव्हाच वाळूने भरला होता आणि त्या वाळूवर झाडी उभी होती. हे नीट समजून घ्या. माझा नाला बांध भरला ते अपयश होतं, कारण तो पाण्यासाठी होता. हा बांध भरण्यासाठीच होता. भरला की मागचा उतार सौम्य होतो, दोन्ही काठांच्या दरडींना पायथ्याशी टेकू मिळतो आणि वरची माती जागेवर बसते. जपानी भाषेत या सगळ्या शास्त्राला 'साबो' म्हणतात, म्हणजे वाळूला आवर. आज जगभरचे अभियंते हाच शब्द वापरतात.

खाली नदीत त्यांनी जे केलं ते मात्र अस्सल डच होतं. ओसाका ते क्योतोजवळचं फुशिमी अशा वाफेच्या बोटी चालायला उन्हाळ्यातही सुमारे दीड मीटर पाणी हवं होतं. त्यासाठी दोन्ही काठांकडून नदीत आडवे धक्के सोडायचे. मधला प्रवाह आवळला की वेग वाढतो आणि नदी आपला तळ आपणच खरवडते. या धक्क्यांचा पाया म्हणजे फांद्यांची गादी. मनगटाएवढ्या जाडीच्या लांब मोळ्या बांधायच्या, त्या आडव्या-उभ्या टाकून चौकटी करायच्या, प्रत्येक छेदावर घट्ट गाठ. त्यावर कोवळ्या फांद्यांचे थर, वरून पुन्हा तशीच जाळी. हा अख्खा तराफा जागेवर ओढत न्यायचा आणि सगळीकडून सारखे दगड टाकत हळूहळू बुडवायचा. एका बाजूला दगड जास्त पडले तर तो तिरपा होऊन उलटतो. म्हणून मुकादमाचा आवाज आणि मजुरांचा हात यांचा मेळ लागतो. काँक्रीटचा ठोकळा खालची वाळू गेली की पोकळीवर अधांतरी राहतो आणि तुटतो. ही गादी मात्र वाकते आणि खड्ड्यात बसते. सतत पाण्याखाली असलेलं लाकूड कुजतही नाही, कारण हवा लागत नाही. जपानच्या निइगाता भागात अजून ही गादी बांधतात. डच भाषेत अशा धक्क्याला 'क्रिब' म्हणतात. जपानी जिभेवर त्याचं 'केरेप्पु' झालं आणि ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. गादी विणण्याचं हे काम एशर यांना डेल्फ्टच्या वर्गात तेवढं शिकवलेलं नसणार जेवढं डे रायके यांना वडिलांच्या बांधावर मिळालं होतं. ओसाकात जपानी मजुरांना गाठ मारून दाखवायला माणूस हवा होता, आणि तो खालच्या हुद्द्याचा माणूसच होता.

या धक्क्यांचं पुढे काय झालं तेही ऐका. दोन धक्क्यांच्या मध्ये वाळू साचली, डबकी तयार झाली, काठाला झुडपं आली. या शांत डबक्यांना 'वान्दो' म्हणतात. त्यांत इतासेन्पारा नावाचा एक छोटा मासा राहू लागला, जो आपली अंडी जिवंत शिंपल्याच्या आत घालतो. जपानने १९७४ मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिलं. मधे तो योदोतून दिसेनासा झाला होता, पुन्हा सोडला. बोटींसाठी बांधलेलं काम माशाचं घर झालं. डे रायके यांनी हे योजलं नव्हतं. पण दगड-फांद्यांचं काम पाण्याला आत-बाहेर जाऊ देतं, गुळगुळीत काँक्रीटची भिंत देत नाही. ही गोष्ट मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगत आलो.

आता किसो. डे रायके यांचं सगळ्यात मोठं काम हे. नागोयाच्या पश्चिमेला किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या एकाच सखल मैदानात उतरतात. पूर्वी त्या एकमेकींत मिसळत, फुटत, पुन्हा मिळत समुद्राला जायच्या. पूर्वेच्या किसोचा तळ वर, पश्चिमेच्या इबीचा खाली. त्यामुळे किसोला पूर आला की पाणी पश्चिमेकडच्या गावांवर जायचं. त्यातून पूर्वेला शोगुनच्याच घराण्याकडे असलेल्या ओवारी प्रांताने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच अखंड उंच बांध घातला होता. पश्चिमेची गावं मग स्वतःभोवती गोल बांध घालून राहिली. या गोलांना 'वाजु' म्हणतात. गोलाच्या आतही घरातली धान्याची खोली उंच दगडी जोत्यावर बांधलेली, आणि छपराच्या खाली होडी टांगून ठेवलेली. रोजच्या जगण्यात डोक्यावर होडी टांगलेली असणं म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना २००५ आणि २०१९ नंतर वेगळं सांगायला नको. १७५४-५५ मध्ये शोगुनने दूरच्या सात्सुमा संस्थानाला या नद्या वेगळ्या करायचं काम लावलं. त्यात आत्महत्या आणि आजार मिळून ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि काम संपल्यावर प्रमुख हिराता युकिए यांनीही स्वतःला संपवलं. त्या माणसांचं देऊळ आज नदीकाठी आहे.

१८७८ मध्ये डे रायके हा प्रदेश पहिल्यांदा फिरले. इथेही त्यांनी आधी वरच्या डोंगरांबद्दल लिहिलं, आणि इबीच्या बाजूच्या हानेदानीसारख्या ओढ्यांवर दगडी बांध घ्यायला लावले. तिन्ही नद्या पूर्ण वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतःचं पात्र द्यायचं, हा संपूर्ण आराखडा १८८६ मध्ये तयार झाला. काम १८८७ मध्ये सुरू झालं. मध्येच, ऑक्टोबर १८९१ मध्ये, नोबीचा महाभूकंप झाला आणि तो नेमका याच मैदानात. १८९६ ला मोठे पूर आले. तरी १९०० मध्ये तिन्ही नद्या वेगळ्या झाल्याचा समारंभ झाला, आणि उरलेलं सगळं १९१२ पर्यंत चाललं. म्हणजे पंचवीस वर्षं. नव्या पात्रांसाठी शेतं गेली, गावं उठली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी ती आनंदाची गोष्ट नव्हती, आणि हे विसरून या कामाचं कौतुक करू नये. नद्या वेगळ्या झाल्यामुळे एकीतून दुसरीत जायची होड्यांची वाट बंद झाली, म्हणून सेंदोहिरा इथे जलपाश बांधला. तो १९०२ पासून आजही चालू आहे. त्याच्या बागेत डे रायके यांचा पुतळा आहे.

तोयामाची जोगान्जी नदी हे तिसरं ठिकाण. लांबी जेमतेम ५६ किलोमीटर, आणि तेवढ्यात उतार अडीच हजार मीटरहून जास्त. १८५८ च्या भूकंपात तातेयामा पर्वताच्या कुशीतला एक अख्खा डोंगर ढासळला आणि तो ढिगारा त्यानंतर दर पुरात थोडा थोडा खाली येत राहिला. १८९१ च्या पुरानंतर डे रायके यांना तिथे पाठवलं. 'ही नदी नव्हे, हा धबधबा' हे वाक्य त्यांच्या नावावर सांगितलं जातं. मला त्या वाक्यापेक्षा त्यांनी तिथे केलेलं एक साधं काम जास्त आवडतं. डाव्या काठावर बारा वेगवेगळ्या पाटांची बारा तोंडं बांधाला भोकं पाडून नदीतून पाणी घेत होती. पुरात बांध फुटायचा तो या तोंडांपाशी. त्यांनी बाराही पाटांना वर, नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे, एकच तोंड दिलं आणि तिथून पाणी वाटलं. १८९३ मध्ये ते सुरू झालं. ज्याने कधी कालव्याच्या तोंडाशी असलेला (हेडवाला) आणि शेवटाला असलेला (टेलवाला) शेतकरी यांच्यात समेट करायचा प्रयत्न केला आहे, त्यालाच कळेल की बारा गावगटांना एका तोंडावर आणणं हे बांधकामापेक्षा कितीतरी कठीण. आणि बांध सलग न ठेवता मध्ये मध्ये तोंडं सोडायची, म्हणजे पुराचं पाणी मागच्या शेतात पसरून ओसरताना परत येतं, ही जुनी जपानी पद्धत त्यांनी मोडली नाही, ठेवली.

मधल्या काळात त्यांचं आयुष्य सरळ नव्हतं. १८८१ मध्ये पत्नी योहाना जपानमध्येच वारली. परक्या देशात लहान मुलं आणि दौऱ्यावरची नोकरी. पुढे दुसरं लग्न झालं. एशर १८७८ मध्ये आणि व्हान डोर्न १८८० मध्ये परत गेले होते. एशर यांनी आखलेला मिकुनी बंदराचा धक्का मागे राहिलेल्या डे रायके यांनी पुरा केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, पण धक्का आजही उभा आहे, आणि तो एशर यांच्या नावाने ओळखला जातो. व्हान डोर्न यांचं नोबिरू बंदर १८८४ च्या वादळात मोडलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. समुद्राचा अंदाज चुकणं हे मी लहान लेखत नाही. त्याच व्हान डोर्न यांच्या सल्ल्याने इनावाशिरो सरोवराचं पाणी आसाकाच्या कोरड्या माळावर आलं, आणि दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी पुतळे वितळवले जात असताना तिथल्या लोकांनी त्यांचा पुतळा लपवून वाचवला.

डे रायके मात्र राहिले. १८९१ मध्ये त्यांना उपमंत्र्याच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. ज्याला पदवी नाही म्हणून खालच्या पगारावर आणलं होतं, त्याला. तोवर फ्रान्समधून शिकून आलेले फुरुइची कोई आणि ओकिनो तादाओ यांच्यासारखे जपानी अभियंते पुढे आले होते. १८९६ चा नदी कायदा झाला आणि भर बोटींच्या वाटेवरून पूरसंरक्षणाच्या उंच बांधांकडे वळला. योदोचं आणि ओसाका बंदराचं मोठं काम ओकिनो यांच्याकडे गेलं, त्यात डे रायके यांच्या आराखड्यांतलं बरंच होतं. परदेशी अभियंत्याचं काम तिथल्या माणसांच्या हाती जाणं हेच त्याचं यश, असं मी मानतो. पण ज्याने त्या नदीला वीस वर्षं दिली त्याला तेव्हा काय वाटलं असेल, याचाही विचार माझ्या मनात येतो. १९०३ मध्ये त्यांनी जपान सोडलं. पुढे शांघायला हुआंगपू नदीच्या नौकामार्गाचे मुख्य अभियंता म्हणून १९१० पर्यंत काम केलं. त्याच नदीच्या मुखाशी साचणाऱ्या वाळूचा अहवाल त्यांनी आणि एशर यांनी १८७६ मध्येच दिला होता. तीस वर्षांनी ते काम करायला त्यांनाच बोलावलं. २० जानेवारी १९१३ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते वारले.

आता तुमच्यासाठी. तुमच्याकडे तीस वर्षं नाहीत, दोन आहेत, म्हणून वेळ वाया घालवू नका. पहिल्या महिन्यात ऑफिसातल्या नकाशावर काम सुरू करू नका. तुमचा करार नदीच्या ज्या भागापुरता असेल तो सोडून वर जा, शक्य तितकं चालत. प्रत्येक मोठा ओढा मिळतो तिथे थांबा आणि तळातली वाळू हातात घ्या. जाड, टोकदार, एकाच रंगाची असेल तर ती जवळच्याच डोंगराची आहे. गोल, गुळगुळीत असेल तर लांबून आली आहे. कोणता ओढा सगळ्यात जास्त गाळ आणतो ते तिथेच लिहून ठेवा. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांच्या लहानपणी पुलाच्या कमानीखालून उभ्याने जाता यायचं का. तळ किती वर आला याचा तो सगळ्यात जुना मापदंड असतो, आणि कुठल्याही फायलीत सापडत नाही. गावकरी माती कशी अडवतात, पाणी कसं वाटून घेतात ते बघा, आणि ते मोडायच्या आधी का करतात ते समजून घ्या. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला प्रत्येक दौऱ्यावर बरोबर न्या, त्याच्या नोंदी त्याच्या भाषेत असू द्या. तुम्ही परत आल्यावर बांधाकडे बघणारा तोच असेल.

आणि पावसाळा असेल तेव्हा रजा घेऊन घरी येऊ नका. पहिला मोठा पूर येईल त्या दिवशी, सुरक्षित उंचीवर, पण नदीकाठी उभे राहा. पाण्याचा रंग दर तासाला कसा बदलतो आणि आधी कोणत्या ओढ्याचं पाणी गढूळ होतं ते वेळेसह लिहा. दुसऱ्या वर्षी, तुमचं काम झाल्यावर, त्याच जागी उभे राहून तेच पुन्हा लिहा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून मला पाठवा, मी आवडीने वाचेन.